चौकोनांमधला चार

बाबा सकाळी गेले, घरीच. एप्रिल होता. आत्या यवतमाळहून येईपर्यंत थांबायचं आणि चार वाजता उचलायचं, असं माझ्या धाकट्या भावानं आणि गल्लीतल्या मोठ्या माणसांनी ठरवलं. त्यापुढे या उन्हात ठेवता येणार नाही, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. बर्फाच्या लाद्या आल्या. समोरच्यांनी त्यांचा कूलर आणून आमच्या दारात लावला.

माझ्याकडे एकच काम होतं. चारच्या आत एका माणसाला कळवायचं होतं, आणि तो माणूस कुठे राहतो हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

आठवडाभर आधी बाबांनी मला पलंगाजवळ बसवून घेतलं होतं.

"मी गेलो का त्याले कळवजो."

"कोणाला, बाबा?"

"कोणाले काय? त्याले."

मला समजलं. मी विचारलं, "पण काका आता राहतात कुठे?"

"मले काय माहीत? डबा चालू आहे त्याचा. डब्यावर टाक. त्यानं यावं, असं नाही. पण त्याले दुसऱ्याकून समजलं नाही पाह्यजे."

बाबा केबलवाले होते. गांधीबागेच्या मागच्या गल्ल्यांमध्ये आमच्या घराची खूण सांगताना लोक अजूनही 'छत्रीवाल्यांचं घर' म्हणतात, कारण त्या भागात गच्चीवर पहिली मोठी छत्री, म्हणजे डिश अँटेना, आमची होती. गच्चीखालच्या खोलीत यंत्रं, आणि तिथून निघून छपरांवरून घराघरात जाणारी काळी वायर. ती वायर बाबांनी एकट्यानं टाकली नव्हती. सोबत काका होते. नात्यानं कोणी नव्हते, पण आम्ही दोघं भावंडं त्यांना काकाच म्हणायचो. खांबावर ते चढत आणि शिडी बाबा धरत. नागपूरच्या उन्हात काळ्या टेपचा गोंद वितळून जोड सुटतात, म्हणून काका जोडावर आधी जुन्या सुती लुगड्याची चिंधी गुंडाळत, वरून दोऱ्यानं तीन गाठी मारत, आणि मगच टेप लावत. त्यांनी बांधलेला जोड गल्लीत कुठेही ओळखू येई.

मग डिजिटल आलं. घरोघरी सेट-टॉप बॉक्स, म्हणजे आमच्या भाषेत डबे, बसवायचे, सगळ्या वाहिन्या एका मोठ्या कंपनीकडून घ्यायच्या, आणि आमच्यासारख्यांनी फक्त वायर सांभाळायची. सही केली नसती तर लाईन बंद पडली असती. बाबांनी सही केली. मी तेव्हा पुस्तक घेऊन जिन्यावर बसले होते, त्यामुळे भांडण मी ऐकलेलं आहे.

काका म्हणाले, "आपली लाईन तू त्याहिले देऊन टाकली?"

"देऊन नाही टाकली. आपलीच आहे."

"आपली कायची गा? काल तू मालक होता. आजपासून तू त्याहिचा वसुलीवाला."

काकांनी कमरेची पक्कड काढून टेबलावर ठेवली आणि माझ्या बाजूनं जिना उतरून गेले. पुढे खोलीही बदलली. जाताना डबा घेऊन गेले. जिथे कुठे गेले, तिथे आमच्याच वायरीतून त्यांनी स्वतःच जोडून घेतलं असणार. त्यांना कोणी वायर जोडून द्यायची गरज नव्हती. आमची लाईन नाल्यापलीकडच्या वस्तीपर्यंत गेलेली होती आणि कंपनीच्या यादीत त्या डब्यापुढे जुनाच पत्ता राहिला. शोधलं असतं तर काका सापडले असते. पण दोघांनाही ते नको होतं.

तरी ते लाईनीवर होते हे आम्हाला ठाऊक होतं. कुठे वायर तुटल्याची तक्रार आली की बाबा शिडी घेऊन निघत, आणि कधीकधी लगेच परत येत. "कोणीतरी आधीच बांधून गेलं," एवढंच सांगत. मी विचारायची, "चिंधी होती?" ते हात धुवायला निघून जात. काकांच्या डब्याची मुदत बाबाच गुपचूप वाढवत, पण एकदा ते राहून गेलं आणि डबा बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच घरात जाणारी वायर खांबावरून कोणीतरी उपसून, नीट गुंडाळून, दाराच्या कडीला अडकवून ठेवली होती. बाबा कितीतरी वेळ हसत होते. "आहे, आहे. जागा आहे बुढा," ते म्हणाले.

बाबा गेले त्या दिवशी, त्यांना खाली ठेवलेलं असताना, मी वरच्या खोलीत गेले. बाबांचा संगणक उघडाच होता. कंपनीच्या पानावरून एका डब्यावर किंवा सगळ्या डब्यांवर निरोप पाठवता येतो. टीव्ही सुरू असेल तर तो पडद्यावर उमटतो. लोक त्याला कंटाळतात, कारण बहुतेक वेळा त्यात मुदत संपत आल्याचं लिहिलेलं असतं. पूर्वी आमची स्वतःची एक वाहिनी होती. गल्लीत कोणी गेलं की बाबा त्यावर फोटो आणि घाटाची वेळ लावत. पैसे घेत नसत. ती वाहिनी कंपनीच्या काळात बंद झाली. उरला तो हा निरोप.

मी आधी पाठवलेल्या निरोपांची यादी उघडली. काकांच्या डब्याचा नंबर शोधायला उघडली होती. त्या एका नंबरावर निरोपांची रांग होती.

पाय कसा आहे. उद्या दुपारी लाईट जाईल, पाणी भरून ठेव. पोरगी कॉलेजात लागली. दिवाळी आहे. नाल्याजवळचा जोड तूच बांधला काय. पोरगा फायबरवाल्यांकडे लागला, मी काही म्हटलं नाही.

सगळे इंग्रजी अक्षरांत लिहिलेले, कसेही. उलट निरोप पाठवण्याची सोयच त्या डब्यात नाही. वर्षानुवर्षं बाबा तिकडे बोलत होते, आणि तिकडून येत होत्या फक्त चिंध्यांच्या गाठी.

मी ती रांग पुन्हा पहिल्यापासून वाचली. तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता.

मग मी लिहायला घेतलं. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. ती इंग्रजी अक्षरांतली मराठी मला बाबांच्या हयातीतही खुपायची, आणि त्यांच्या जाण्याची बातमी तशी जाऊ नये असं मला वाटलं. मी देवनागरीत लिहिलं. 'देहावसान' लिहून खोडलं. 'निवर्तले' लिहिलं. 'आमचे वडील' की 'आमचे बाबा' यावरही अडले. आज हे लिहिताना लाज वाटते, पण त्या सकाळी शब्द निवडण्याचा मला आधार होता. शेवटी लिहिलं, की आमचे बाबा आज सकाळी निवर्तले, अंत्ययात्रा राहत्या घरून दुपारी 4 वाजता. आकडा कीबोर्डवर इंग्रजीच आला, तो तसाच ठेवला. निरोप सगळ्याच डब्यांवर लावला, म्हणजे शेजारीपाजारी कोणी पाहिलं तरी काकांपर्यंत पोचेल. दर पंधरा मिनिटांनी दिसेल असा लावला, चार वाजेपर्यंत. संगणकावर तो स्वच्छ दिसत होता.

निरोप पाठवला की बाबा नेहमी त्या खोलीतला छोटा टीव्ही लावून तपासत. मी लावला नाही. घरात असं झालेलं असताना टीव्ही लावत नाहीत. खालच्या मोठ्या टीव्हीवर कोणीतरी सकाळीच चादर टाकली होती. मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि खाली आले.

भावानं त्याच्या दोन मित्रांना स्कूटरवर काकांच्या जुन्या खोलीवर आणि नाल्यापलीकडे पाठवलं होतं. ते बाराला परत आले. जुन्या खोलीत नवीन भाडेकरू होते, त्यांना काही माहीत नव्हतं, आणि नाल्यापलीकडेही पत्ता लागला नाही.

"ताई, मी खरं सांगू?" भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला. "केबल आता पाहते कोण? मी बुटीबोरीकडे कामगारांच्या खोल्यांमध्ये इंटरनेटचं फायबर टाकून राहिलो. एका खोलीत सहा जण, अन् टीव्हीच नाही. सहाही जण छातीवर मोबाईल ठेवून पडले राहतात. जो तो आपलं आपलं पाहते. आपली ही लाईनपण कंपनी बंद करून राहिली. तू कोणाले निरोप देऊन राहिली?"

"काकांना."

"त्याहिनं टीव्ही लावलाच नसंल तर?"

मागे एकदा बाबा याच भावाला म्हणाले होते, "पहिले असं समज का गल्लीत टीव्ही एकच होता, घरं वेगळी होती. एकाच वेळी सगळ्याहिच्या घरातून सारखाच आवाज ये. आता घर एक अन् टीव्ही पाच." त्यात तक्रार नव्हती. मुलगा काय काम करतो ते त्यांनी समजून घेतलं होतं. पण आज मला तो एकच टीव्ही हवा होता, एका दुपारपुरता.

एक वाजला. दोन वाजले. बर्फ पुन्हा आणावा लागला. मी दारात बसून गल्लीच्या तोंडाकडे पाहत होते. येणारे सगळे मोबाईलवर समजून आलेले होते. प्रत्येक म्हातारा वळताना दिसला की मी त्याच्या पायांकडे पाही, कारण खांबावरून पडल्यापासून काका उजव्या पायानं लंगडत.

अडीचच्या सुमारास शेजारच्या घरातल्या काकू आल्या. माझ्याजवळ बसल्या, हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "आता विचारू नये वं बाई, पण तुमच्याकडून टीव्हीवर काही येऊन राहिलं काय? आमच्या इथं नुसते चौकोनच चौकोन येते. बुढ्यानं दोनदा डब्याले थापडा मारल्या."

"चौकोन?"

"हो ना. रिकामे. एकाले लागून एक."

मी उठले. जिना कसा चढले ते आठवत नाही. छोटा टीव्ही लावला, आवाज बंद करून. पावणेतीनला निरोप यायचा होता. मी उभी राहून वाट पाहिली. आला. पडद्याच्या खालच्या बाजूला पांढरे, रिकामे चौकोन, दोन ओळी. एकही अक्षर नाही. फक्त दुसऱ्या ओळीत, मध्येच, एक 4.

त्या जुन्या डब्यांना देवनागरी येतच नव्हती. बाबा इंग्रजी अक्षरांत का लिहीत होते ते मला तेव्हा कळलं. सकाळपासून दर पंधरा मिनिटांनी मी घरोघरी, आणि काकांकडे, रिकामे चौकोन पाठवत होते.

मी संगणकाकडे वळले. पान आपोआप बंद झालेलं होतं. पुन्हा उघडायला गेले तर कंपनीनं बाबांच्या मोबाईलवर ओटीपीचे आकडे पाठवले. मोबाईल खाली होता. मी भावाला हाक मारली. तो मोबाईल घेऊन वर आला, टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं.

"दहा वर्षं झाली मराठी शिकवून राहिली," तो म्हणाला, "अन् एक निरोप..." मग थांबला. "मले काहून नाही विचारलं?"

मी विचारलं नव्हतं, कारण तो फायबरवाल्यांकडचा होता. बाबांची ही खोली मला त्याच्यापासून सांभाळायची होती, असं काहीतरी. ते मी त्याला सांगितलं नाही.

मोबाईलच्या पडद्यावर एक संदेश आल्याचं दिसत होतं. आकडे आत होते. मोबाईल बाबांच्या अंगठ्यानं उघडायचा. भावानं दोन-तीनदा आकडे टाकून पाहिले, बाबांच्या जन्माचं साल, घराचा नंबर. उघडला नाही. मग तो मोबाईल हातात धरून नुसता उभा राहिला. खाली कूलर घरघरत होता. आम्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट आली होती, आणि ती कोणी आधी बोलावी याची वाट पाहत आम्ही उभे होतो.

"बाबांचा हात..." तो म्हणाला. "लोकांहिले सांगू, दोन मिनिटं बाहेर थांबा म्हणून. खाली जाऊन..."

"नाही."

"ताई, त्याहिचंच काम आहे हे."

"नाही," मी म्हणाले.

तो चिडला नाही. मोबाईल टेबलावर ठेवला आणि खाली गेला. मला वाटतं त्याला सुटल्यासारखं झालं असावं. मला तसं झालं नाही. आयुष्यात बाबांनी मला सांगितलेलं हे शेवटचं काम होतं, ते पूर्ण करण्याचा एक रस्ता खाली दहा पायऱ्यांवर होता, आणि तो मी बंद केला होता. मी बरोबर केलं की बाबांच्या हाताला भ्यायले, हे आजही ठरवता आलेलं नाही.

टीव्ही तसाच सुरू ठेवून मी उतरले.

साडेतीनला आत्या आली. तिचं रडणं झालं, मग बायकांचं पुन्हा एकदा झालं. बाहेर तिरडी बांधून तयार होती. गल्लीतले एक मोठे गृहस्थ घड्याळ पाहून म्हणाले, "चला बा, ऊन पाहा. घाटावर सांगून ठेवलं आहे." भावानं माझ्याकडे पाहिलं.

"दहा मिनिटं," मी म्हणाले.

"ताई, आता नाही."

"दहाच."

कोणीतरी पुटपुटलं, "कोणाची वाट पाहून राहिले हे लोक?" भावानं मागे वळून सांगितलं, "आमच्या काकाची." मग तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, आणि आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाकडे पाहू लागलो.

पावणेचारनंतर, मला नक्की वेळ सांगता येणार नाही, एक म्हातारा वळला. डोक्यावर ओला गमछा. तो उजव्या पायानं लंगडत होता.

काका थेट आत आले. चपला काढल्या. बाबांजवळ बसले, आणि बाबांच्या पावलांवर हात ठेवला. रडले नाहीत. मग माझ्याकडे मान वळवली.

"मशीनवर तू बसली होती का वं पोरी?"

मी मान हलवली. म्हणाले, "काका, माझं चुकलं. मी नीट..."

"सकाळपासून चौकोन येऊन राहिले," ते म्हणाले. "चौकोन, चौकोन, अन् मधात एक चार. पहिल्यांदा म्हटलं, डबा गेला. दुसऱ्यांदा आले, तवा मी उठून बसलो. तो कधी चौकोन नाही पाठवणार. त्याले माहीत आहे डब्याले काय येते अन् काय नाही येत. त्याच्या मशीनवर दुसरं कोणी बसलं, मंजे तो नाही. चार मंजे चार वाजता. पण पाय चालत नाही ना बाप्पा. दोन जागी बसत बसत आलो."

भाऊ पटकन आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. काकांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तूच काय तो फायबरवाला?"

"हो काका."

"तुझ्या वायरी लय खाली लोंबते गा," काका म्हणाले. "माणूस जाईन कसा खालून?"

खांद्यावर घ्यायची वेळ झाली. आमच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत वायरींचं जाळं आहे. बाबांच्या काळ्या, कडक झालेल्या वायरी, त्यांच्यावरून भावाच्या कंपनीची आणि आणखी कोणाकोणाची बारीक फायबर, सगळं एकमेकांत अडकून माणसाच्या डोक्याइतकं खाली आलेलं. चौघांना तिरडी घेऊन वाकावं लागलं असतं. काका कोणाला न विचारता जिन्याखाली गेले. बाबांचा आकडी लावलेला बांबू तिथेच उभा असायचा, तसाच होता. तो घेऊन ते पुढे झाले. आकडी वायरींत घातली, दोन्ही हातांनी बांबू उचलून छातीशी धरला, आणि सगळं जाळं वर केलं, काळी वायर आणि फायबर एकदमच. जाळं जड होतं. भाऊ खांदा सोडू शकत नव्हता. दुसऱ्या कोणीतरी मदतीला हात घातला, तर काकांनी मानेनंच नाही म्हटलं.

बाबा त्याच्या खालून सरळ गेले. मागची माणसं गेली. शेवटचा माणूस जाईपर्यंत काकांनी बांबू खाली घेतला नाही. मग तो भिंतीला टेकवून ठेवला आणि लंगडत सगळ्यांच्या मागून गंगाबाई घाटाकडे निघाले.

आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. आत्या अंगणात पाणी टाकायला सांगत होती. मला एकदम वरचा टीव्ही आठवला. तो बंद करायला मी जिना चढले. खोलीत कोणी नव्हतं, आवाज नव्हता. मी बटणावर हात ठेवला आणि तेवढ्यात चार वाजले. पडद्याच्या खालच्या बाजूला निरोप शेवटचा उमटला. ते चौकोन पुसून जाईपर्यंत मी थांबले, आणि मग टीव्ही बंद केला.